बोस्निया: बंदुका थांबल्या, पण सातबारा कुणाचा?

शांतिसेनेवरची चर्चा बहुतेकदा सैनिकांच्या संख्येपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. बोस्नियाच्या बाबतीत त्याला कारणही आहे. तिथे बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट यांच्यात युद्ध चालू असताना, जून १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ८३६ करून स्रेब्रेनित्सासह सहा ‘सुरक्षित क्षेत्रां’च्या रक्षणाची हमी दिली. त्यासाठी ३४,००० सैनिक लागतील असा संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचा अंदाज होता. परिषदेने ७,६०० मंजूर केले. जुलै १९९५ मध्ये काही शे डच शांतिसैनिकांच्या देखत स्रेब्रेनित्सा सर्ब फौजांच्या हाती पडलं आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. तुटपुंजं सैन्य पाठवून मोठी आश्वासनं देऊ नयेत, हा त्यातला धडा आता कुणी नाकारत नाही.

वाद त्यापुढचा आहे. पुरेसं सैन्य आलं, गोळीबार थांबला, तर दुभंगलेला समाज हळूहळू आपोआप सांधतो, असं गृहीत धरलं जातं. बोस्नियात हे गृहीतक पहिल्या तीन महिन्यांतच कोसळलं.

हे युद्ध संपवणारा डेटन करार २१ नोव्हेंबर १९९५ रोजी ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये त्यावर सह्या झाल्या आणि सहा दिवसांत नाटोच्या नेतृत्वाखालच्या सुमारे ६०,००० सैनिकांकडे ताबा गेला. या वेळी संख्या होती, रणगाडे होते, गोळी चालवायचे अधिकारही होते. फौजा मागे घेणं, तोफा ठरलेल्या जागी जमा करणं ही लष्करी कलमं वेळापत्रकाप्रमाणे पार पडली. करारानुसार साराजेव्होची सर्बांच्या ताब्यातली उपनगरं फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनकडे जायची होती. सर्ब नेत्यांनी आपल्याच लोकांवर निघून जाण्यासाठी दबाव आणला. जे जाईनात त्यांची घरं त्यांच्याच टोळ्यांनी पेटवली, उरलेल्यांना दुसऱ्या बाजूच्या लुटारूंनी गाठलं. ‘हे पोलिसांचं काम, आमचं नव्हे’ असं नाटोच्या फौजेचं म्हणणं होतं. आंतरराष्ट्रीय पोलिसांकडे शस्त्रं नव्हती आणि त्यांची पुरती भरतीही झाली नव्हती. १९ मार्चला शेवटचं उपनगर, ग्रबावित्सा, हस्तांतरित होईपर्यंत साठ हजारांवर सर्ब निघून गेले होते. लोक शवपेट्या उकरून आपले मृत सोबत घेऊन गेले. शस्त्रसंधी मात्र एका क्षणासाठीही मोडला नव्हता.

म्हणूनच माझं म्हणणं असं की युद्धानंतरची वांशिक फूट ताबारेषेवर कमी आणि कचेऱ्यांतल्या नोंदींत जास्त असते. घर कुणाच्या नावावर, मतदारयादीत नाव कुठे, मुलाला कोणतं इतिहासाचं पुस्तक, गाडीला कोणती नंबरप्लेट. बोस्नियात बाहेरच्यांनी जिथे या नोंदींना हात घातला तिथे फूट सैल झाली. जिथे शस्त्रसंधीची किंमत म्हणून त्यांनीच वंशाची नोंद लिहून ठेवली, तिथे ती तीस वर्षांनंतरही तशीच आहे.

डेटन करारातच हे दोन्ही रस्ते आहेत. परिशिष्ट ७ म्हणतं की प्रत्येक निर्वासिताला आणि विस्थापिताला आपल्या मूळ घरी परतण्याचा आणि मालमत्ता परत मिळवण्याचा हक्क आहे. परिशिष्ट ४ म्हणजे देशाची राज्यघटना. ती देशाचे दोन घटक करते (बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनला ५१ टक्के भूभाग, सर्बांच्या रिपब्लिका सर्प्स्काला ४९) आणि राष्ट्राध्यक्षपद तिघांत वाटते: फेडरेशनमधून एक बोस्नियाक आणि एक क्रोएट, रिपब्लिका सर्प्स्कामधून एक सर्ब. म्हणजे एक परिशिष्ट लोकांना पुन्हा मिसळू पाहतं आणि दुसरं वेगळं राहणाऱ्याला बक्षीस देतं. सर्बबहुल भागात परतलेला बोस्नियाक तिथून अध्यक्षपदाला उभा राहू शकत नाही.

त्याचा पहिला फटका निवडणुकीला बसला. १९९६ मध्ये विस्थापितांना पी-२ नावाच्या अर्जावर, युद्धापूर्वीच्या गावाऐवजी ‘यापुढे जिथे राहण्याचा इरादा आहे’ त्या गावात मतदार म्हणून नोंदणी करता येत होती. हेतू उदार होता. सर्ब अधिकाऱ्यांनी मात्र आपल्या विस्थापितांना, हाकलून दिलेल्या बोस्नियाकांच्या मोक्याच्या गावांत नोंदणी करायला लावलं. ब्रच्को हे त्यातलं ठळक नाव. हेराफेरी इतकी उघड होती की स्थानिक निवडणुका वर्षभर पुढे ढकलाव्या लागल्या. युद्धात बंदुकीने जे केलं, तेच आता एका अर्जाने कायदेशीर होऊ पाहत होतं.

घरांच्या बाबतीत इथेच घोडं पेंड खात होतं. युगोस्लाव्हियात शहरांतली बरीचशी घरं ‘सामाजिक मालकी’ची होती. कामगाराला आपल्या उद्योगाकडून किंवा खात्याकडून फ्लॅट मिळे. तो विकता येत नसे, पण राहण्याचा हक्क जवळपास आजन्म आणि घरच्यांकडे जाणारा असे. सातबारावर मालक सरकार आणि वहिवाट कुटुंबाची, असा काहीसा प्रकार. युद्धकाळात तिन्ही बाजूंनी ‘सोडून दिलेल्या मालमत्तें’चे कायदे केले. साराजेव्होतल्या कायद्याने युद्धस्थिती संपल्याच्या घोषणेनंतर देशातल्या विस्थापितांना परत येऊन हक्क सांगायला ७ दिवस दिले, परदेशातल्या निर्वासितांना १५ दिवस. घोषणा झाली २२ डिसेंबर १९९५ ला. म्हणजे जर्मनीतल्या छावणीत राहणाऱ्या, अजून प्रवासाची कागदपत्रंही हाती नसलेल्या माणसाने ६ जानेवारीपर्यंत आपल्या फ्लॅटमध्ये येऊन राहायचं होतं. नाहीतर हक्क कायमचा बुडाला. रिपब्लिका सर्प्स्काने वेगळे शब्द वापरून तेच साधलं.

हे कायदे मोडायला जवळपास चार वर्षं गेली. उच्च प्रतिनिधी (डेटनच्या नागरी अंमलबजावणीचा आंतरराष्ट्रीय प्रमुख) यांना डिसेंबर १९९७ मध्ये बॉन इथल्या बैठकीत कायदे लादण्याचे आणि अधिकाऱ्यांना काढून टाकण्याचे अधिकार मिळाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाचे उच्च प्रतिनिधी वोल्फगांग पेट्रिच यांनी दोन्ही घटकांतले मालमत्ता कायदे एकाच वेळी दुरुस्त करून लादले आणि महिन्याभरात अडथळे आणणाऱ्या २२ पदाधिकाऱ्यांना घरी पाठवलं. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी तोच कायदा, हे फार महत्त्वाचं होतं. एका बाजूला आधी आणि दुसऱ्याला नंतर असं केलं असतं, तर ‘आधी त्यांनी घरं सोडू दे’ हे पालुपद संपलं नसतं.

पद्धत अगदी कचेरीतली होती, आणि तेच तिचं बळ. मूळ रहिवाशाने नगरपालिकेच्या गृहनिर्माण खात्यात अर्ज करायचा. खात्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा. सध्या राहणाऱ्याला स्वतःचं दुसरं घर असेल तर १५ दिवसांत बाहेर, खरोखरच पर्यायी निवाऱ्याचा हक्क असेल तर ९० दिवस. मुदत संपली की पोलिसांच्या उपस्थितीत कुलूप बदलायचं आणि ताबापावती करायची.

बिघाड काय काय झाले? पालिकांनी आपल्या मर्जीतले अर्ज वर काढले. म्हणून पुढे दाखल झालेल्या क्रमानेच निकाल देण्याचं बंधन आलं. ‘पर्यायी घर उपलब्ध नाही’ ही सबब सर्वात लाडकी होती. तपासणीत आढळायचं ते असं की राहणाऱ्याला आपलं मूळ घर केव्हाच परत मिळालेलं आहे आणि तो दोन्ही घरं धरून बसला आहे. अशा दुहेरी ताबेदारांत नगरसेवक, पोलीस अधिकारी, न्यायाधीश हेही असत, आणि बेदखलीची सही त्यांच्याच सहकाऱ्यांनी करायची. घर सोडताना दारं, खिडक्या, वायरिंग, न्हाणीघरातले नळ उपटून नेण्याची तर साथच आली. मग ताबा सोडण्याआधी घराच्या स्थितीचा पंचनामा आणि नंतर फौजदारी गुन्हा, अशी वाट काढावी लागली. आणि सर्वात परिणामकारक उपाय कोणता, तर दर महिन्याला प्रत्येक पालिकेची निकाली अर्जांची टक्केवारी जाहीर करणं. अमुक पालिका १८ टक्के, शेजारची ४०. राष्ट्रवादाच्या भाषणाला या आकड्यावर उत्तर नव्हतं.

अर्ज दोन लाखांच्या वर होते. २००० च्या अखेरीस जेमतेम पाचवा हिस्सा निकाली निघाला होता. २००३ च्या अखेरीस नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला. युद्धोत्तर मालमत्ता वापसीचं याहून यशस्वी उदाहरण मला ठाऊक नाही. ते यशस्वी झालं कारण खात्याच्या खिडकीवर सर्ब की बोस्नियाक हा प्रश्नच नव्हता. होता तो अर्जक्रमांक. रिपब्लिका सर्प्स्कातल्या बान्या लुकातून हाकललेला बोस्नियाक ज्या साराजेव्होच्या फ्लॅटमध्ये होता, त्याचा सर्ब मालक बान्या लुकात तिसऱ्याच्याच घरात राहत होता. साखळीतली एक कडी सुटली की पुढच्या सुटत गेल्या.

पण घर परत मिळणं म्हणजे माणूस परत येणं नव्हे, आणि इथे या योजनेच्या कौतुकाला आवर घालावा लागतो. यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीप्रमाणे २००४ पर्यंत दहा लाख लोक परतले. त्यातले निम्म्याहून कमी दुसऱ्या समाजाचं वर्चस्व असलेल्या भागात गेले. अनेकांनी किल्ली घेतली आणि घर विकून टाकलं. याला द्वेषापेक्षा हिशेब जास्त कारणीभूत आहे. निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा घटकागणिक वेगळे; फेडरेशनमध्ये विमा असलेल्या म्हाताऱ्याला रिपब्लिका सर्प्स्कातल्या आपल्या गावी जवळचा दवाखाना चालत नाही. नोकऱ्या पक्षांच्या हातात. परतलेल्यांच्या मुलांना आपली भाषा ‘बोस्नियन’ या नावाने शिकवली जावी, एवढ्यासाठी कोन्येविच पोल्ये गावच्या पालकांनी २०१३ मध्ये शाळेवर बहिष्कार टाकून साराजेव्होत ठाण मांडलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत रिपब्लिका सर्प्स्कात सर्ब ८१.५ टक्के, बोस्नियाक १४ टक्के. फेडरेशनमध्ये सर्ब अडीच टक्के.

‘मग वेगळेच राहू दे की, निदान मारामारी तरी नाही’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळे वंशवादी नाहीत. दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच त्यांचा मुद्दा. त्याला उत्तर आकड्यांपेक्षा सायप्रसकडून जास्त चांगलं मिळतं. तिथे संयुक्त राष्ट्रांची फौज १९६४ पासून आहे. तिचे दुसरे सेनाप्रमुख आपले जनरल थिमय्या १९६५ मध्ये तिथेच वारले. १९७४ नंतर ग्रीक आणि तुर्की हे दोन्ही समाज सुमारे १८० किलोमीटरच्या रेषेने पूर्ण वेगळे झाले. हिंसाचार जवळजवळ शून्य. आणि घरांचा प्रश्न पन्नास वर्षं भिजत पडलेला. २००४ च्या सार्वमतात तुर्की सायप्रियटांपैकी ६५ टक्क्यांनी एकीकरणाला होकार दिला, ग्रीक सायप्रियटांपैकी ७६ टक्क्यांनी नकार. मालमत्तेची कलमं नकाराच्या मोठ्या कारणांपैकी एक होती. त्याच दुभंगलेल्या निकोसियात सांडपाण्याची एक सामाईक यंत्रणा मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दोन्ही बाजूंच्या महापौरांनी मिळून उभी केली. कारण नळ्या युद्धाआधीच्या आणि उतार उत्तरेकडे. राष्ट्रप्रमुखांना जे जमलं नाही ते गटाराच्या उताराने करवून घेतलं, याची शांतिवार्तांच्या पंडितांनी फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

बोस्नियात याच जातीचा उपाय होता नंबरप्लेटचा. १९९८ पर्यंत गाडीच्या पाटीवरून, लिपी आणि चिन्ह पाहून, चालक कोणत्या बाजूचा ते शंभर मीटरवरून कळे. परिणामी घटकांमधली हजार किलोमीटरहून लांब सीमारेषा नाका नसतानाही कुणी ओलांडत नसे. पलीकडचे पोलीस अडवणार, दंड लावणार, किंवा दगड बसणार. पेट्रिच यांच्या आधीचे उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्टेंडॉर्प यांच्या कार्यालयाने देशभर एकच पाटी आणली. अक्षरं लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारीच: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. गावाचा संकेत नाही, ओळीने आलेला क्रमांक. काही महिन्यांत सीमारेषेवरची वाहतूक उघड वाढली. खर्च पत्र्याचा आणि रंगाचा.

जिथे सगळा कारभारच एकत्र आणला गेला ते ब्रच्को. सर्बांच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यावरचं हे गाव डेटनमध्ये सुटलंच नाही, लवादाकडे गेलं. मार्च १९९९ च्या अंतिम निवाड्याने युद्धापूर्वीचा संपूर्ण तालुका दोन्ही घटकांच्या सामाईक मालकीचा, पण कुणाच्याच कारभाराखाली नसलेला स्वतंत्र जिल्हा ठरवला. २००० पासून पोलीस, न्यायालयं, प्रशासन मिश्र. ऑक्टोबर २००० मध्ये सर्ब विद्यार्थी वेगळ्या शाळेसाठी रस्त्यावर उतरले होते. तरीही आंतरराष्ट्रीय पर्यवेक्षकाने २००१ मध्ये एकत्र शाळा लागू केल्या: भाषेसारखे थोडे विषय वेगळे, बाकी वर्ग एकच, वहीत कोणतीही लिपी चालेल. शाळा टिकल्या. इथली बाजू झाकायची नाही: या जिल्ह्यात बाहेरचा पैसा भरपूर आला, नोकरशाही फुगली आणि पदं पक्षांनी वाटून घेतली. गावाबाहेरचा ॲरिझोना बाजार तर शांतिसैनिकांच्या चौकीच्या आडोशाने वाढला. तिन्ही समाज एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते तिथे, सिगारेटी आणि जीन्सच्या भावावरून. त्याच बाजारात करबुडवेगिरी आणि बायकांची विक्रीही चालली. लष्कराने बाजार जमू दिला, पण त्यावर नजर ठेवणारा कर-अधिकारी आणि पोलीस काही वर्षं आलाच नाही.

ब्रच्कोपासून काही तासांवर मध्य बोस्नियात आणि हर्झेगोव्हिनात मात्र ‘एका छपराखाली दोन शाळा’ आहेत. क्रोएट आणि बोस्नियाक मुलांसाठी इमारत एक. दारं वेगळी, मुख्याध्यापक वेगळे, अभ्यासक्रम वेगळे, कुठे मधे कुंपण, कुठे सकाळ-दुपारच्या पाळ्या. विस्थापित मुलं परतावीत म्हणून काढलेली ही तात्पुरती सोय होती. २०१८ मध्येही ओएससीई या युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेने अशा ५६ शाळा मोजल्या. फेडरेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्तोलात्स आणि चाप्लिनातल्या या पद्धतीला भेदभाव ठरवलं, तरी ती चालू राहिली. ‘तात्पुरतं’ या शब्दापुढे तारीख लिहिली नव्हती, हे त्याचं साधं कारण. दोन मुख्याध्यापक, दोन शिपाई, दोन लेखनिक एकदा पगारावर आले की फूट हा रोजगार होतो.

याचं सर्वात महागडं रूप राज्यघटनेत आहे. डेर्वो सेयदिच रोमा, याकोब फिंची ज्यू. दोघेही तीन ‘घटक समाजां’पैकी नाहीत म्हणून अध्यक्षपदाला उभे राहू शकत नाहीत. डिसेंबर २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. घटना अजून बदललेली नाही. तीच गत मोस्टारची: १९९३ मध्ये पाडलेला पूल २००४ मध्ये थाटात पुन्हा उभा राहिला, त्याचे फोटो जगभर गेले, आणि त्याच शहरात वांशिक मतदारसंघांच्या भांडणामुळे २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० पर्यंत नगरपालिकेची निवडणूकच झाली नाही. दगडी पुलाला देणगीदार मिळतात; मतदारसंघांचे नकाशे दुरुस्त करायला कुणी निधी देत नाही.

आपल्याकडे हा विषय सैनिकांच्या अभिमानापुरता निघतो, आणि तो अभिमान खोटा नाही. पूर्व युगोस्लाव्हियातल्या पहिल्या शांतिसेनेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार मराठा लाइट इन्फंट्रीचे. मार्च १९९२ मध्ये ते पोचले तेव्हा युद्ध क्रोएशियात होतं म्हणून मुख्यालय साराजेव्होत ठेवलेलं. महिन्याभरात युद्धच मुख्यालयाच्या दारात आलं. पण सैन्य देणारा देश म्हणून आपण संयुक्त राष्ट्रांत जे मागतो ते भत्ते, साधनसामग्री आणि निर्णयप्रक्रियेत सहभाग. कामाच्या आदेशात मालमत्ता, मतदारयादी, शाळा यांचा मजकूर काय असावा यावर आपला आवाज क्वचित ऐकू येतो, आणि रोष मात्र आपल्याच जवानांना झेलावा लागतो.

दक्षिण सुदानमधलं मलाकाल बघा. भारतीय बटालियन तिथे वर्षानुवर्षं आहे. २०१३ च्या अखेरीस युद्ध पेटल्यापासून हजारो शिल्लुक, नुएर आणि इतर लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळाला लागून असलेल्या छावणीत आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारने हुकूम काढून राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या आणि शहर दिंका जमातीचं वर्चस्व असलेल्या राज्यात टाकलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये छावणीवर हल्ला होऊन किमान २५ माणसं मेली. पुढे २०२० मध्ये राज्यांची जुनी संख्या परत आली, पण शहरातल्या ज्या प्लॉटांवर आता दुसरेच राहतात त्यांचं काय, हे कुणी लेखी ठरवलं नाही. छावणीतल्या माणसाला ‘परत जा’ म्हणायचं तर कुठल्या प्लॉटवर, कोणत्या कागदाच्या आधारे? त्या शहरात दावे नोंदवणारं एक कार्यालय, अर्जांचा जाहीर क्रम, दोन्ही समाजांना एकाच दिवसापासून लागू होणारा नियम आणि दर महिन्याचे आकडे, एवढं या मोहिमेच्या पुढच्या मुदतवाढीच्या ठरावात घालावं, अशी मागणी करण्याचा अधिकार तिथे बटालियन ठेवणाऱ्या देशाइतका दुसऱ्या कुणाला नाही. बोस्नियात हे चौथ्या वर्षी सुरू झालं. मलाकालमध्ये ते अजून सुरूच व्हायचं आहे.